सिंगलचं छप्पर

आमच्या आप्पांनी आयुष्यात कशावरही पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला नाही. गवळ्यानं दूध ओतलं की ते त्यात करंगळी बुडवून नखावरून थेंब कसा ओघळतो ते बघत. कुणी सांगितलं की गाडी लेट आहे, तर हूं म्हणून ऐकून घेत आणि तेच पुन्हा दुसऱ्या दोघांना वेगवेगळं विचारत. पाहुणा दारात दिसला की 'या' म्हणायच्या आधी त्यांच्या डोळ्यांत 'हा का आला असेल' हे उमटायचं आणि पाहुण्यालाही ते दिसायचं. आई म्हणायची, ह्यांच्या हातात देव जरी आला तरी हे आधी त्याला उलटा करून बघतील. पण दोष एकट्या स्वभावाचा नव्हता, थोडा नोकरीचाही होता. आप्पा रेल्वेत चावीवाले होते. दौंडच्या बाहेर रुळाचा एक ठरलेला पट्टा त्यांच्याकडं असायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून तो पट्टा रोज पायी तुडवायचा, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकून बघायची, हलली तर पुन्हा घट्ट बसवायची, आणि बघून झालेल्या जागेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. लहानपणी एकदोनदा मी त्यांच्या मागं गेलेय. ठण्ण असा भरीव आवाज आला की ते स्वतःशीच म्हणायचे, "बसलंय." फारच मनासारखं असलं तर, "पक्कं बसलंय." हा शब्द त्यांनी माणसाबद्दल वापरलेला मी ऐकला नव्हता.

आमचं घर रेल्वे कॉलनीच्या पलीकडं, आप्पांनी घेतलेल्या तुकड्यावर होतं. वर पत्रा. त्या घरात आम्ही दोघी बहिणी, मी आणि माझी मोठी बहीण सुमनताई, आवाजावर वाढलो. शंटिंगचे डबे एकमेकांना भिडायचे तो आवाज, इंजिनाची शिट्टी, आणि वरचा पत्रा. पत्रा दिवसभर बोलायचा. ऊन चढलं की कडकड करत ताणायचा, उतरलं की पुन्हा कुरकुरत आवळायचा. चिमणी चालली तरी कळायचं, मांजर गेलं तर कुठून कुठं गेलं तेही आई चुलीपुढून सांगायची. आणि बोलण्यात सगळीकडं रेल्वे. फाटकापाशी उभ्या सिग्नलच्या खांबाचा हात खाली पडला, म्हणजे गाडीला रस्ता मोकळा. त्याला सगळं दौंड 'सिंगल पडलं' म्हणायचं. आमच्या घरी तर आई भाकरी तव्यावर टाकली की हाक मारायची, "चला, सिंगल पडलं!" आणि आम्ही ताटं घेऊन बसायचो. ताईच्या सोयरिकीत मुलाकडच्यांचा होकार आला तेव्हाही आप्पांनी घरात शिरता शिरता एवढंच सांगितलं होतं, "सिंगल पडलंय." जावई रेल्वेतलाच, तो होकार त्यांनी आधी तीन ठिकाणी तपासून घेतला होता हे वेगळं.

लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं आणि पत्र्याचा विषय निघाला. तो जागोजाग गंजला होता, पावसात खाली पातेली मांडायला लागायची. लग्नघरात पातेली कशी मांडायची? तेव्हा सोपानमामा पुढं आला. सोपान आईचा धाकटा आणि एकुलता भाऊ. निमोण्याला त्याची थोडी शेती होती, वांगी आणि मेथी काढायचा, आणि उरलेल्या दिवसांत सुतारकाम करायचा. हसरा, मोठ्यानं बोलणारा, न विचारता दुसऱ्याच्या कामाला हात लावणारा. त्या वर्षी तो भांडगावच्या बाजूला, सोलापूर रस्त्यालगत, पुण्याच्या एका मालकाच्या बंगल्यावर कामाला होता. मालक परदेशात राहून आलेला, त्यानं तिकडच्यासारखं छप्पर घालायला घेतलं होतं. डांबरात बुडवलेल्या जाड कागदासारखे तुकडे, वरून तांबडी-काळी बारीक खडी चिकटवलेली. लाकडी फळ्यांवर खालून वर एकावर एक चढवत खिळ्यांनी ठोकायचे. निम्मं काम झाल्यावर मालकीणबाईंना कौलंच हवीशी वाटली, आणि उरलेले गठ्ठे मालकानं मामाला उचलून न्यायला सांगितले. मामा टेम्पोत घालून ते थेट आमच्या दारात घेऊन आला. आप्पा टेम्पोभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चांगली वस्तू कोन उगं सोडतंय का? कायतरी खोट असल."

तरी छप्पर झालं, कारण आईनं आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा हट्ट धरला त्यातला हा एक. भावानं आपल्या हातानं बहिणीच्या डोक्यावर छप्पर घालावं यापुढं तिला काही दिसत नव्हतं. ऐन उन्हाळ्यात मामा आणि त्याचा एक जोडीदार पत्रा उतरवून, फळ्या मारून वर ठोकाठोक करत होते, आप्पा ड्युटीवरून आले की खाली उभे राहून वर बघत, आणि आई रोज दुपारी मासवडी करत होती. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, गुंडाळून सुरीनं वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. ती मामाला प्राणापेक्षा आवडायची, आणि खरं सांगायचं तर आप्पांनाही. काम संपल्यावर मामा शिडीवरून उतरला, डांबरानं काळे झालेले हात रॉकेलनं पुसत म्हणाला, "दाजी, आता एकच ध्यानात ठिवा. ह्येच्या पोटाला डांबराचा पट्टा असतोय. चार-आठ दिस उनात तापला की एक तुकडा दुसऱ्याला आपसूक चिकटतोय. मग वारा येवू दे न्हाईतर वादळ. फकस्त एकदा चिकटलं की हात लावायचा न्हाई."

मामानं हे वाक्य बोलायला नको होतं. दुसऱ्या कुणाला चाललं असतं, आप्पांना नाही. हात लावायचा नाही म्हणजे का लावायचा नाही? आतलं झाकायचं काय आहे? मला आता त्यांचं हसू येत नाही, कारण गेल्याच महिन्यात आमच्या शिरूरच्या सोसायटीत गच्चीला वॉटरप्रूफिंग करायला आलेला पोरगा मला म्हणाला, "आंटी, अभी दो दिन पाँव मत रखना." तो खाली उतरल्यावर मी जाऊन नखानं टोकरून बघितलंच. माझा मुलगा म्हणतो, आई, तू दिवसेंदिवस आप्पा होत चाललीस. व्हायला लागलेय खरी. त्या गच्चीवर माझ्या नखाची खूण अजून आहे.

पण खरा घोटाळा झाला तो नावानं. मामा चहा पीत होता, शेजारचे दोघंतिघं नवलाईचं छप्पर बघायला जमले होते, आणि कुणीतरी विचारलं की ह्याला म्हणतात काय. बंगल्यावरचा इंजिनिअर जे नाव घ्यायचा ते 'शिंगल' होतं, हे मला फार पुढं, लेकाच्या फोनवर चित्र बघताना कळलं. मामाच्या कानाला ते जसं लागलं तसं त्यानं सांगितलं, "सिंगल." आप्पांची बशी ओठापाशी थांबली. "सिंगल? म्हंजी एकपदरी?" मामाला हसू फुटलं. "आवं दाजी, नावच सिंगल हाय त्येचं! एकपदरी कशापायी आसल?" जमलेले सगळेही हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि ते आत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, "तुझ्या भावानं तोंडानं कबूल केलं. डबल घालायचं ते सिंगल घातलंय. वर चार लोकांत दात काढतोय." आई म्हणाली, "आवं, डबल असतं ह्ये तरी तुमाला कुनी सांगितलं?" असं कुणी उलट विचारलं की आप्पांचा संशय जास्तच पक्का व्हायचा.

नवं छप्पर मुकं होतं. ऊन चढलं तरी ते ताणत नव्हतं, मांजर गेलं तर कळत नव्हतं. घर गार झालं हे खरं, पण आईची झोप उडाली. वैशाखात ती लग्नासाठी कुरडया घालत होती, मागच्या अंगणात खाटेवर पातळावर मांडलेल्या. दुपारी जरा डोळा लागला आणि तेवढ्यात वळवाची सर येऊन गेली. पत्रा असता तर पहिल्याच थेंबाला ओरडला असता. आई उठून बाहेर गेली तेव्हा कुरडयांची पुन्हा खीर झाली होती. ती ओल्या खाटेपाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "न बोलणारं माणूस आन् न बोलणारं छप्पर, दोन्ही वाईट." भावाच्या कामाला ती यापेक्षा वाईट बोलली नाही, पण तिच्याही मनात ते छप्पर बसलं नव्हतं हे मला त्या दिवशी दिसलं.

मग खडीची भानगड सुरू झाली. आषाढातल्या बारीक सरींनंतर वळचणीखाली, पाणी पडायच्या रेषेत, तांबडी-काळी कच साचायला लागली. नवीन छपराची सुटी खडी थोडी झडतेच, पण हे आम्हाला कोण सांगणार? आई सकाळी झाडायची, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा तिथंच. शेजारच्या काकूंनी चिमूटभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "बाई, घरावर कोन खडं टाकतंय ते बघ. लग्नाचं घर हाय, उतारा टाक." आईनं उगीच वाद नको म्हणून लिंबू उतरवलं. मी आणि ताई अंधार पडल्यावर अंगणात जायला घाबरायला लागलो, एकमेकींचा पदर धरून जायचो. आप्पांना भुतंखेतं पटत नव्हती. भूतसुद्धा तपासून घेतल्याशिवाय ते मानणारे नव्हते. त्यांनी ती कच हातावर पसरून बघितली आणि वेगळाच निकाल दिला. "छपरावर मान्सं चालत्यात. पायाखाली रगडल्याशिवाय येवढी खडी निघायची न्हाई."

आणि माणूस कोण, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मामा दौंडला बाजाराला आला की भाजी विकून झाल्यावर बहिणीकडं टेकायचा, आणि त्या वेळी आप्पा बहुतेक ड्युटीवर असायचे. तोच वर चढून तुकडे काढून नेत असणार, दुसऱ्या कुणाच्या घरावर लावत असणार. म्हणून आप्पा सुट्टीच्या दिवशी शिडी लावून वर जायला लागले. हातात छोटा हातोडा, रंगाचा डबा आणि ब्रश. भर दुपारी, छप्पर तापून मऊ पडलेलं असताना, ते पुढच्या उतारावर एकेका तुकड्याची कड दोन बोटांनी उचलायचे, खाली दुसरा पदर आहे का बघायचे, पुन्हा दाबायचे, वर एक ठोका आणि पांढरा ठिपका. रुळावर करायचे तसंच, ओळीनं. खाली मी शिडी धरून उभी असायचे आणि माझ्या डोक्यावर बारीक खडी पडायची. संध्याकाळी वळचणीला कच दिसली की आप्पा म्हणायचे, "बगा, आज बी कोनतरी चाललंय." आता हे लिहिताना मला वाटतं, आम्ही सगळे ते ऐकूनही काही बोललो कसे नाही? पण त्या घरात आप्पांच्या संशयाची सवय मिठासारखी झाली होती, त्याची चव वेगळी अशी लागायचीच नाही.

राखीपौर्णिमेला मामा आला. नवा सदरा, पिशवीत कोवळी वांगी. आईनं सकाळपासून मासवडीचा घाट घातला होता. मामा पाटावर बसला, आईनं ओवाळलं, राखी बांधली, आणि आप्पा दारातून म्हणाले, "पाव्हणं, राखीवर हात ठिवा आन् खरं सांगा. तुमी छपरावर चढता का न्हाई?" एरवी ते मामाला सोपाना म्हणायचे. पाव्हणं हा शब्द आला तेव्हाच आईनं ओवाळणीचं ताट बाजूला सारलं. मामाला आधी चेष्टा वाटली. मग आप्पांनी सगळं एका दमात बाहेर काढलं. सिंगल घातलं, वर हसलास, आता तुकडे नेतोस, बहिणीचं घरसुद्धा सोडलं नाहीस. मामा ऐकत राहिला. त्याचं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि आईला म्हणाला, "आक्का, येतो." आई म्हणाली, "आरं, खाऊन तरी जा." तो म्हणाला, "आता ह्या घरात खाल्लं तर त्ये बी चोरून खाल्लं म्हनत्याल." आणि गेला. आप्पा त्याच्या पाठीला ऐकू जाईल असं बोलले, "लग्नात बी याची गरज न्हाई. पोरीच्या मागं उभं ऱ्हायला दुसरा कोन बी बघू."

आमच्याकडं नवरीला मामा बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा नसला तर मानलेला कुणीतरी उभा करतात, नाही असं नाही. पण सख्खा मामा जिवंत, धडधाकट, पाच कोसांवर असताना परका माणूस उभा राहिला तर मांडवातल्या प्रत्येकानं काय ते समजून घ्यायचं. आईला माहेर म्हणून दुसरं कुणी उरलं नव्हतं, आईवडील केव्हाच गेले होते. ती मासवडी त्या दिवशी तशीच राहिली, संध्याकाळी ताईनं ती शेजारी देऊन टाकली. त्यानंतर आमच्या घरात मासवडी झाली नाही. आप्पांनी एकदा न राहवून विचारलं. आई पिठाचे हात न थांबवता म्हणाली, "भाऊ आला की करीन." आप्पा उठून बाहेर गेले. माझी आई भांडणारी नव्हती. तिनं फक्त एक पदार्थ बंद केला, आणि तेवढ्यानं आमचं घर महिनोन्‌महिने बेचव झालं.

परतीचा पाऊस आला तो वारा घेऊनच. आणि पुढच्या खोलीत छप्पर गळायला लागलं. एका जागी नाही, अनेक जागी, आणि ताईच्या शालूची ट्रंक नेमकी त्याच खोलीत. आम्ही ती ओढत स्वयंपाकघरात नेली, तिथं मात्र कोरडं होतं. आप्पा पातेल्यांत टपटपणारं पाणी बघत म्हणाले, "बगितलं? सिंगलच व्हतं." त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि त्याच्या तळाशी थोडं समाधानही होतं. संशय खरा ठरल्याचं समाधान किती वाईट असतं ते मी पुढं स्वतःत अनुभवलंय, म्हणून इतकं खात्रीनं लिहिते. ताई ट्रंकेवर बसून रडत होती. शालू भिजला नव्हता. पण पाणी आल्यावर आता मामाला परत बोलवायचा रस्ताच बंद झाला, हे तिला कळलं होतं.

सकाळी पाऊस उघडला, वारा होता. आप्पा डबा-ब्रश घेऊन वर गेले. शिडी घराच्या बाजूला, दोन्ही उतार मिळतात तिथं टेकवली होती आणि मी ती धरली होती. तेवढ्यात आईनं मला बाजूला सारलं, लुगड्याचा ओचा वर खोवला आणि ती शिडी चढायला लागली. माझी आई माळ्यावरसुद्धा कधी चढली नव्हती. मी ओरडले, "आई, घसरशील!" तिनं ऐकलं नाही. छपराच्या वर तिचं डोकं निघालं आणि ती तिथंच थांबली, दोन्ही हातांनी शिडी धरून. आधी पुढचा उतार बघितला, मग मागचा. मीही बाजूच्या कट्ट्यावर चढून टाचा उंच केल्या, तेव्हा मला दिसलं. पुढचा सगळा उतार पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता, आणि वारा आला की ठिपक्यांचे तुकडे सुटून फडफडत होते. काहींच्या कडा मोडल्या होत्या, दोन-तीन तर गायबच होते. मागच्या उतारावर कडुलिंबाची फांदी इतकी खाली आली होती की आप्पांना तिथं उभं राहता येत नव्हतं. तिथं एकही ठिपका नव्हता. तिथले तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून पडले होते, लिंबाची पानं अंगावर घेऊन.

"अवं," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "ज्यास्नी ठिपका हाय, त्येच उडत्यात. ठिपका न्हाई, ते जाग्यावर हायेत. सैपाकघर त्येच्यामुळंच कोरडं हाय."

आप्पांनी पुढं बघितलं, मग मागं बघितलं. ते लिंबाच्या फांदीकडं सरकले, वाकले, आणि सवयीनं त्यांचा हात एका बिनठिपक्याच्या तुकड्याच्या कडेला गेला.

"त्येला तरी हात लावू नका!" आई ओरडली. मग थांबून, एकेक शब्द सुटा करत बोलली, "सोपाना काय म्हनला व्हता? चिकटलं की उचलायचं न्हाई. तुमी रोज उचलून बगितलं. चिकटल कसं ते? आन् छपराचं कशाला, लगीन झाल्यापास्नं माझ्या माह्यारच्या मान्साला तुमी असंच रोज उचलून बगताय. त्येनं तरी कवा चिकटायचं?"

आप्पा त्या उतारावर बसले. हातातला ब्रश बाजूला ठेवला, तो घरंगळत खाली आला आणि माझ्या पायापाशी पडला. आई उतरून चुलीकडं गेली. मला भीती वाटली होती की आता मोठं काहीतरी होईल, पण बाहेरून फक्त शंटिंगचा आवाज येत राहिला आणि आप्पा ऊन लागेपर्यंत तिथंच बसून होते.

फुटलेल्या जागांवर त्यांनी ताडपत्री बांधली. लग्न तोंडावर आलं, मांडवाचे वासे आले, तरी मामाचं नाव कुणी काढत नव्हतं. मग एका सुट्टीच्या दिवशी आप्पा सकाळी धुतलेली टोपी घालून एसटीनं गेले आणि संध्याकाळी परत आले. कुठं गेला होता असं त्यांना विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. हातपाय धुताना आईकडं न बघता म्हणाले, "निमोण्याला जाऊन आलो. सांगितलंय." काय सांगितलं, तो काय म्हणाला, येणार का, काही नाही. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी आप्पांचाच संशय होता.

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त होता. दुपार टळली तरी मामाचा पत्ता नव्हता. मांडव रेल्वेच्या माणसांनी भरला, वाजंत्री आली, ताईला हळदीच्या अंगानं शालू नेसवून झाला. मानलेला मामा म्हणून शेजारचे काका फेटा बांधून तयार बसले होते आणि ताई त्यांच्याकडं बघत नव्हती. तेवढ्यात दारात एक टेम्पो थांबला. त्यातून मामा उतरला. अंगात कामाचा सदरा, खांद्यावर शिडी, एका हातात डांबराचा डबा, काखेत तुकड्यांचा गठ्ठा. तो कुणाशी न बोलता, कुणाकडं न बघता, मांडवातून सरळ घरापाशी गेला, शिडी टेकवली आणि वर चढला. वाजंत्रीवाले थांबले.

आई धावली. "आरं सोपाना, खाली ये! मुहूर्त जवळ आलाय, असा काय करतोस?"

"थांब आक्का," वरून मामा ओरडला. त्याचा आवाज रागानं आणि रडण्यानं घोगरा झाला होता. "दाजी माझ्या दारात आलं, पानी बी प्यालं न्हाईत. उभ्या उभ्या म्हनलं, सोपाना, सिंगल पडलंय, ये, आन् निघून गेलं. म्या केलेलं काम पडलंय म्हनल्यावर कुठल्या तोंडानं मांडवात बसू? डांबर मिळंना म्हनून येळ झाला. आधी ह्ये करतो, मग काय ती शिक्षा द्या."

रेल्वेची सगळी माणसं एकदम हसायला लागली. एक म्हातारे गार्ड तर पोट धरून खाली बसले. "आरं येड्या," ते म्हणाले, "सिंगल पडलंय म्हंजी रस्ता मोकळा हाय! तुला आत घेतलंय!" मामा वर उभा, हातात हातोडा, खाली बघतोय. त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. चार लोकांत हसं झालं की ते उठून आत जायचे, पण त्या दिवशी गेले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, होय म्हणून. आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही, मला स्वतःला मात्र रडू आलं होतं.

"आलोच हाय तर दोन ठोकून घेतो," मामा म्हणाला, आणि त्यानं खरंच फडफडणाऱ्या दोन तुकड्यांखाली डांबर घालून ते दाबले. मग उतरला, रॉकेलनं हात पुसले, शेजारच्या काकांनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यानं ताईचा दंड धरला आणि तिला बोहल्यावर आणलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या मागं उभा होता, कामाच्या सदऱ्यात, डांबराच्या वासात. आईनं पुढच्या दोन दिवसांत इतकी मासवडी केली की शेवटी मामाच नको म्हणाला. पुढचा उतारही त्यानं त्या दोन दिवसांत पुन्हा बांधला. आप्पा खाली शिडी धरून उभे राहायचे, वर गेले नाहीत.

पाचपरतवणीला ताई माहेरी आली. आईनं शालू घडी घालायला उलगडला तर पदरावर, दंडाशी येतो तिथं, काळा डाग होता, अंगठ्याएवढा, अंगठ्याच्या रेषांसकट. मामाचा. आई रॉकेलचा बोळा घेऊन घासायला लागली, मी लिंबू आणलं, ताई कुरकुरत होती. आप्पा ड्युटीवरून आले, हातोडा कोपऱ्यात ठेवला आणि आम्ही काय करतोय ते बघायला वाकले. त्यांनी शालूची ती जागा हातात घेतली, आपला अंगठा डागावर ठेवून एकदा दाबून, एकदा घासून बघितलं. मग शालू आईच्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पक्कं बसलंय."